रकाना भरलेला, तरी ‘आवश्यक आहे’चा संदेश: लाराव्हेलच्या फॉर्म व्हॅलिडेशनमधील नेहमीचे बिघाड आणि ते शोधण्याचा क्रम

शेतकरी नोंदणी, कापूस खरेदीची पावती, केळीच्या मालाची नोंद, पतसंस्थेचा सभासद अर्ज अशा कामांसाठी जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पीएचपी भाषेतील लाराव्हेल या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, बांधलेली छोटी वेब अ‍ॅप्लिकेशन्स वापरली जातात आणि ती दुरुस्त करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. त्यांत एक तक्रार सतत येत राहते. ऑपरेटर फोनवर म्हणतो, “फारम पुढे जास नही,” आणि त्याहून अधिक त्याला काही सांगता येत नाही, कारण पडद्यावरही त्याहून अधिक काही दिसत नसते. खाली आधी लक्षणे आहेत, मग तपासण्या. सुरुवातीच्या तपासण्यांना फक्त ब्राउझर लागतो, शेवटच्या तपासण्यांना सर्व्हरवर प्रवेश लागतो.

लक्षणे

रकाना डोळ्यांसमोर भरलेला असतो, तरी ‘ही माहिती आवश्यक आहे’ असा संदेश येतो. काही वेळा उलट होते: बटण दाबल्यावर पान पुन्हा उघडते, भरलेले सगळे पुसले जाते आणि संदेश मात्र एकही नसतो. जेवणाच्या सुट्टीनंतर फॉर्म पाठवला की ‘४१९ पेज एक्स्पायर्ड’ दिसते. कापसाचे वजन १२ क्विंटल लिहिले तर चालते, १२.३५ लिहिले तर चालत नाही. महिन्याच्या बारा तारखेपर्यंतच्या नोंदी विनातक्रार होतात आणि तेरा तारखेपासून ‘तारीख अवैध आहे’ असे येऊ लागते. पाटील, महाजन ही आडनावे स्वीकारली जातात, बऱ्हाटे मात्र कधी स्वीकारले जाते, कधी नाही. नवी नोंद होते, पण जुनी नोंद उघडून फक्त पत्ता बदलला तरी ‘हा मोबाईल क्रमांक आधीच नोंदलेला आहे’ असे उत्तर मिळते. आणि शेवटचे, सर्वांच्या परिचयाचे लक्षण म्हणजे स्वतःच्या संगणकावर सगळे चालते, सर्व्हरवर चालत नाही.

यांपैकी कोणतेही लक्षण दिसले की नवखा प्रोग्रामर थेट व्हॅलिडेशनच्या, म्हणजे भरलेली माहिती तपासणाऱ्या, नियमांची फाईल उघडतो आणि नियम सैल करू लागतो. माझा अनुभव असा की नियम बहुतेक वेळा निर्दोष असतो. आपण समजतो त्या रूपात माहिती त्याच्यापर्यंत पोहोचलेलीच नसते. म्हणून नियमाला हात लावण्यापूर्वी काय पोहोचते ते पाहावे. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर बेतलेला आहे.

अडवणारा कोण, ब्राउझर की सर्व्हर?

ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कचा भाग उघडावा, पान पुन्हा उघडले तरी जुन्या नोंदी टिकाव्यात म्हणून ‘प्रिझर्व्ह लॉग’ सुरू ठेवावे आणि फॉर्म पाठवावा. एकही विनंती बाहेर गेली नाही, तर ब्राउझरनेच अडवले आहे आणि सर्व्हरवरचा कोड वाचण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. विनंती गेली असेल, तर तिच्या उत्तराचा क्रमांक पुढची दिशा सांगतो. ४२२ आला तर नियमाने नकार दिला आहे आणि कारण उत्तरातच लिहिलेले असते. ३०२ येऊन तेच पान पुन्हा उघडले तर बहुधा नकारच आहे, पण संदेश सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हर त्या वापरणाऱ्यासाठी तात्पुरती माहिती ठेवतो तेथे, ठेवला गेला आहे. ४१९ म्हणजे टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची गुप्त खूण) किंवा सेशनचा प्रश्न. ४०३ आला तर फॉर्म रिक्वेस्टच्या, म्हणजे त्या फॉर्मचे नियम ठेवलेल्या क्लासच्या, ‘ऑथराइझ’ या मेथडकडे पाहावे, कारण लाराव्हेलच्या आर्टिसन या साधनाने तयार केलेल्या नव्या फाईलमध्ये ती ‘फॉल्स’, म्हणजे ‘परवानगी नाही’, असे परत करते आणि ती ओळ बदलायची राहून जाते. ४१३ म्हणजे पाठवलेला मजकूर मर्यादेपेक्षा मोठा आहे. ५०० हा व्हॅलिडेशनचा विषय नाही. तेथे लॉग वाचावा.

फॉर्म जावास्क्रिप्टच्या ‘फेच’ने, म्हणजे पान न बदलता, जात असेल तर आणखी एक फसवा प्रकार होतो. विनंतीसोबत उत्तर जेसन स्वरूपात हवे असे सांगणारे ‘अ‍ॅक्सेप्ट’ हेडर नसेल, तर लाराव्हेल नेहमीप्रमाणे मागच्या पानाकडे पाठवते, ‘फेच’ निमूटपणे तिकडे जाते, तेथून २००, म्हणजे ‘सगळे ठीक’, घेऊन परत येते आणि स्क्रिप्ट ‘नोंद यशस्वी’ असे जाहीर करते. नोंद कोठेच झालेली नसते. ऑपरेटरने दिवसभर भरलेल्या नोंदी संध्याकाळी सापडत नाहीत, त्यामागे हे कारण असलेले मी अनेकदा पाहिले आहे.

रकाना खरोखर पाठवला जातो का?

त्याच नेटवर्कच्या भागात ‘पेलोड’ उघडून पाठवलेल्या रकान्यांची यादी वाचावी. ज्या रकान्याबद्दल तक्रार आहे तो यादीत नसेल, तर कारण फॉर्मच्या एचटीएमएलमध्ये आहे. ब्राउझर रकाना पाठवतो तो ‘नेम’ पाहून. केवळ ‘आयडी’ दिलेला रकाना पडद्यावर कितीही भरलेला दिसला तरी जात नाही. ‘डिसेबल्ड’ केलेला रकानाही जात नाही. लॉगिन केलेल्या केंद्राप्रमाणे जिल्हा आपोआप भरून तो बदलता येऊ नये म्हणून डिसेबल्ड ठेवायचा आणि सर्व्हरवर मात्र तो आवश्यक मानायचा, ही जोडी इतक्या ठिकाणी सापडते की मी आता तिच्यापासूनच सुरुवात करतो. ‘रीडओन्ली’ हा पर्याय मजकुराच्या चौकटीला चालतो, निवडीच्या यादीला लागू होत नाही. खरे तर केंद्र लॉगिनवरून कळत असेल, तर जिल्हा फॉर्ममधून मागूच नये, सर्व्हरनेच ठरवावा.

न निवडलेला चेकबॉक्स अजिबात पाठवला जात नाही. तो ‘नाही’ म्हणून येत नसतो. फाईल जात नसेल तर फॉर्मच्या टॅगमध्ये ‘मल्टिपार्ट’ प्रकार लिहिला आहे का ते पाहावे, कारण तो नसेल तर सातबाऱ्याच्या फोटोऐवजी केवळ त्याचे नाव पोहोचते.

नकार मिळतो, पण संदेश दिसत नाही

येथे नियम आपले काम करत असतो, फक्त त्याचे म्हणणे वाचणाऱ्यापर्यंत जात नाही. ब्लेडच्या, म्हणजे लाराव्हेलच्या एचटीएमएल साच्याच्या, पानात प्रत्येक रकान्याखाली ‘एरर’ची ओळ आणि चौकटीत ‘ओल्ड’ची, म्हणजे आधी भरलेली, किंमत आहे का ते पाहावे. एका शेतकऱ्याची अनेक पिके एकाच फॉर्ममध्ये घेतली जातात तेव्हा रकान्याचे नाव चौकोनी कंसांत लिहिलेले असते, परंतु चुकांच्या यादीत तेच नाव टिंबांनी जोडून येते. दुसऱ्या पिकाच्या क्षेत्राची चूक ‘पिके, टिंब, १, टिंब, क्षेत्र’ या किल्लीखाली सापडते, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. कंसांचे नाव देऊन शोधले तर काहीच हाती लागत नाही आणि ऑपरेटरला पान नुसते लुकलुकल्यासारखे वाटते. तपासणीपुरती पानाच्या माथ्यावर सगळ्या चुकांची सरसकट यादी छापावी. लपलेल्या टॅबमधला रकाना अडवत असेल तर तोही लगेच उघडा पडतो.

आकडे

ब्राउझरची ‘नंबर’ प्रकारची चौकट, वेगळे सांगितले नाही तर, पूर्णांकच स्वीकारते. १२.३५ लिहिल्यावर ब्राउझर १२ किंवा १३ सुचवतो तो याचमुळे. ‘स्टेप’ची किंमत ०.०१ दिली की क्विंटल आणि किलोचा हिशेब सुरळीत होतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये घेत असाल तर तेथेही हेच करावे लागते. गट क्रमांक मात्र आकडा समजू नये. ‘१२५/२/अ’ हा गट क्रमांक आहे आणि त्याला ‘न्यूमेरिक’चा नियम लावला तर शेतकरी त्यातून पोटहिस्सा गाळून टाकतो आणि चुकीची नोंद बिनबोभाट स्वीकारली जाते.

सर्व्हरवर तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, लाराव्हेल आलेल्या मजकुराच्या कडेची मोकळी जागा काढते आणि रिकाम्या मजकुराचे ‘नल’, म्हणजे ‘किंमतच नाही’, असे करते. त्यामुळे ऐच्छिक रकान्याला ‘न्यूमेरिक’ लावताना ‘नलेबल’ (रिकामे चालेल) लिहिले नाही, तर रिकामा सोडलेला रकानाही ‘हा आकडा असला पाहिजे’ म्हणून परत येतो. दुसरी, ‘मॅक्स’ हा नियम संदर्भाप्रमाणे अर्थ बदलतो: आकड्यासाठी किंमत, मजकुरासाठी अक्षरसंख्या, फाईलसाठी किलोबाइट. क्षेत्राला ‘मॅक्स ५०’ लावले आणि ‘न्यूमेरिक’ लिहायचे राहिले, तर ५००० हेक्टरही मंजूर होते, कारण तो चारच अक्षरांचा मजकूर आहे. तिसरी गोष्ट रक्कम लिहिण्याच्या सवयीची. आपल्याकडचा माणूस १,२५,००० असे स्वल्पविराम देऊनच लिहितो आणि मोबाईलवर मराठी कळफलक असेल तर अंकही मराठीच उमटतात. पीएचपी या दोन्हींना आकडा मानत नाही. वापरणाऱ्याला सवय बदलायला लावण्यापेक्षा फॉर्म रिक्वेस्टच्या ‘प्रिपेअर फॉर व्हॅलिडेशन’ या मेथडमध्ये स्वल्पविराम काढावेत आणि मराठी अंकांचे इंग्रजी अंक करावेत. हे नियमाआधीच करणे महत्त्वाचे आहे. पीएचपीच्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुराची ठेवण तपासणाऱ्या सूत्रात, युनिकोडचा ‘यू’ लावलेला असेल तर अंकासाठीचे ‘डी’ हे चिन्ह मराठी अंकांनाही होकार देते, आणि नंतर त्याच मजकुराचे पूर्णांकात रूपांतर केले की हाती शून्य येते. नियम संतुष्ट, खात्यात शून्य रुपये.

पिन कोडबद्दल जाता जाता सांगतो. जळगावचा ४२५००१ पाहून कोणी ४२५चा नियम लिहितो आणि धुळ्याचा ४२४००१ अडकतो. रावेरच्या केंद्रावर नोंद करायला आलेला शेतकरी बऱ्हाणपूरकडचाही असू शकतो आणि तेथील पिन ४५०ने सुरू होतो. सहा अंक आणि पहिला अंक शून्य नाही, एवढाच नियम पुरेसा आहे.

आडनावे आणि गावे

नावाच्या रकान्याला केवळ इंग्रजी अक्षरे चालणारा रेगेक्स कोठून तरी उचलून लावलेला असतो. तो मराठी नाव सरळ नाकारतो. मग कोणी युनिकोडमधील ‘अक्षर’ हा वर्ग लावतो आणि तरीही नकार येतो, कारण काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त हे युनिकोडच्या लेखी अक्षर नसून ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात मोडतात. दोन्ही वर्ग घ्यावे लागतात. लाराव्हेलचा ‘अल्फा’ नियम दोन्ही घेतो, पण मोकळी जागा घेत नाही, त्यामुळे पूर्ण नावाच्या रकान्यात तो निरुपयोगी ठरतो.

एवढे केल्यावरही बऱ्हाटे अडतोच, आणि तोही कधी अडतो, कधी नाही. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त असतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, असते. हे जोडचिन्ह अक्षरांच्या वर्गात बसत नाही आणि मार्कच्याही नाही. पडद्यावर दोन्ही बऱ्हाटे तंतोतंत सारखे दिसतात. कोणता कळफलक वापरला यावर स्वीकार-नकार ठरतो. युनिकोडचे नॉर्मलायझेशनही या दोन रूपांना एक करत नाही, म्हणून नियमाआधी दुसरे रूप पहिल्यात आपणच बदलावे. तसे केले नाही तर नोंद झाल्यानंतरही शोधताना एकाच माणसाची दोन खाती दिसत राहतात. माझे मत विचाराल तर नावावर अक्षरांचा नियम लावूच नये. लांबीची मर्यादा घालावी आणि छपाईत न येणारी नियंत्रक चिन्हे तेवढी अडवावीत. लांबी मोजताना पीएचपीचे ‘स्ट्रलेन’ बाइट मोजते हे ध्यानात असू द्यावे. ‘जळगाव’ हा शब्द त्याच्या मोजणीत पंधरा भरतो, लाराव्हेलच्या ‘मॅक्स’मध्ये मात्र पाचच.

गावाच्या नावावर ‘युनिक’, म्हणजे तीच किंमत दुसऱ्यांदा नको हा नियम, लावणे हीही अशीच एक चूक आहे. पिंप्री किंवा वडगाव एकाच तालुक्यापुरते नसते. अद्वितीयता जिल्हा, तालुका आणि गाव मिळून तपासावी. तसेच १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. त्याआधीच्या कागदांवरून भरलेल्या यादीत शहादा, तळोदा धुळे जिल्ह्यात दिसतात. आजचा जिल्हा-तालुका जोडीचा नियम त्या नोंदी दुरुस्त करू देत नाही. तेथे नियम बरोबर असतो. जुनी यादी सुधारावी लागते.

तारखा

बारा आणि तेरा तारखेचे कोडे उलगडायला सोपे आहे, पण त्याने केलेले नुकसान निस्तरणे कठीण आहे. पीएचपी तिरप्या रेघेने लिहिलेली तारीख अमेरिकन पद्धतीने, आधी महिना आणि मग दिवस, अशी वाचते. १५/०६/२०२४ मध्ये पंधरावा महिना नसल्यामुळे लाराव्हेलचा ‘डेट’ नियम नकार देतो आणि तक्रार येते. ०५/०६/२०२४ मात्र बिनतक्रार स्वीकारली जाते आणि ५ जूनची खरेदी ६ मे रोजी जमा होते. म्हणजे ज्या नोंदींबद्दल तक्रार आली त्या सुरक्षित आहेत. ज्यांच्याबद्दल आली नाही त्या बिघडलेल्या आहेत. म्हणून ‘डेट’ऐवजी ‘डेट फॉरमॅट’ वापरून दिवस, महिना, वर्ष हा क्रम स्पष्ट लिहावा आणि पुढे तारीख वाचतानाही तोच क्रम द्यावा; नियमात एक आणि कोडमध्ये दुसरे ठेवून उपयोग नाही. ब्राउझरची तारखेची चौकट वापरत असाल तर पडद्यावर काहीही दिसो, ती नेहमी वर्ष-महिना-दिवस असेच पाठवते, तेव्हा नियमही त्याच क्रमाचा हवा.

‘आधीच नोंदलेला आहे’

दुरुस्तीच्या वेळी ‘युनिक’ नियमातून ती नोंद स्वतः वगळावी लागते, नाहीतर माणसाचा क्रमांक त्याच्याच क्रमांकाशी भांडतो. सॉफ्ट डिलीट वापरत असाल तर काढून टाकलेल्या नोंदीही टेबलात असतात आणि नियम त्यांनाही मोजतो. पण त्याआधी मालकाला एक प्रश्न विचारावा: मोबाईल क्रमांक अद्वितीय असलाच पाहिजे का? वडील आणि दोन भाऊ यांच्या नावे वेगळे सातबारे आणि घरात नोंदणीसाठी दिलेला क्रमांक एकच, हे आपल्या गावांत नेहमीचे आहे. तेथे ऑपरेटर शेवटचा आकडा बदलून फॉर्म पुढे ढकलतो आणि ओटीपी भलत्याकडेच जातो.

धडगाव, अक्कलकुवा भागात जाळे मंद असते, उत्तर येईना म्हणून बटण पुन्हा दाबले जाते आणि दोन विनंत्या जवळजवळ एकाच क्षणी पोहोचतात. दोन्ही वेळी ‘युनिक’ नियम टेबलात पाहतो, तेव्हा नोंद नसते, आणि दोन्ही मंजूर होतात. हे नियमाने थांबत नाही. डेटाबेसमध्येच युनिक इंडेक्स, म्हणजे तीच किंमत दुसऱ्यांदा नाकारणारी अट, लावावा आणि बटण एकदा दाबल्यावर बंद करावे.

सर्व्हरवरच बिघडते तेव्हा

४१९साठी आधी फॉर्ममध्ये सीएसआरएफची, म्हणजे वर सांगितलेल्या टोकनची, ओळ आहे का ते पाहावे. असेल तर सेशनचा काळ पाहावा. लाराव्हेलमध्ये तो मुळात १२० मिनिटांचा असतो, आणि सकाळी उघडून ठेवलेला फॉर्म दुपारी पाठवला तर तो संपलेला असतो. दर वेळीच ४१९ येत असेल किंवा संदेश टिकतच नसतील, तर सेशनची कुकी केवळ सुरक्षित जोडणीसाठी ठेवली आहे आणि साइट मात्र साध्या एचटीटीपीवर उघडली जाते, असे आहे का ते तपासावे. डिस्क भरली असेल किंवा ‘स्टोरेज’ फोल्डरला लिहिण्याची परवानगी नसेल, तरीही सेशन फाईल लिहिली जात नाही. ‘डॉट-एन्व्ह’ या सेटिंगच्या फाईलमध्ये बदल करूनही फरक पडत नसेल तर कॉन्फिगरेशनचा कॅश साफ करावा.

फोटोंच्या मर्यादा एकावर एक असतात. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाईलला २ एमबी आणि संपूर्ण विनंतीला ८ एमबी आहे, एनजिंक्स या वेब सर्व्हरची तर १ एमबी. नियमात ‘मॅक्स ५१२०’ लिहून या तिन्ही तशाच ठेवल्या, तर मोबाईलवर काढलेला सातबाऱ्याचा फोटो नियमापर्यंत जातच नाही.

काय करू नये, आणि कोठे थांबावे

तक्रार बंद व्हावी म्हणून सर्व्हरवरचा नियम काढू नये. ब्राउझरमधला नियम ही केवळ सोय आहे. एफ-१२ दाबून तो कोणीही काढू शकतो. नियम पार झाल्यावरही ‘ऑल’ऐवजी (आलेले सगळे) ‘व्हॅलिडेटेड’मधून (तपासलेले तेवढेच) माहिती घ्यावी, म्हणजे न मागितलेले रकाने टेबलात शिरत नाहीत.

चुकीच्या तारखा किंवा कापलेली नावे टेबलात जमा झाली असतील, तर येथे थांबावे. सरसकट दिवस-महिना उलटवणारी एक ओळ चालवण्याचा मोह होतो, पण मधल्या काळात नियम बदललेला असेल तर बरोबर नोंदीही बिघडतात आणि त्या पुन्हा ओळखता येत नाहीत. पूर्ण बॅकअप घेऊन डेटाबेस जाणणाऱ्या माणसाला बोलवावे. अ‍ॅप्लिकेशन एकापेक्षा अधिक सर्व्हरवर चालत असेल आणि सेशन अधूनमधून हरवत असेल, तर ते होस्टिंग सांभाळणाऱ्याचे काम आहे. बँक खाते किंवा आधार क्रमांकाचे रकाने तपासणीविना उघडे राहिले आणि बाहेरच्या कोणी त्यांचा फायदा घेतल्याची शंका असेल, तर स्वतः काहीही पुसू नये, लॉगही नाही. सुरक्षेच्या जाणकाराला त्याच दिवशी बोलवावे, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात.

ज्याला बोलवाल त्याला पानाचा पत्ता, नेमकी वेळ, उत्तराचा क्रमांक, खाते व आधार क्रमांक झाकलेला पेलोड आणि त्या वेळच्या लाराव्हेल लॉगमधील ओळी एकत्र पाठवाव्यात. केवळ ‘फॉर्म जात नाही’ असा स्क्रीनशॉट पाठवला, तर तोही पहिल्या तपासणीपासूनच सुरुवात करील आणि त्या तासाचेही पैसे लावील.